ऑर्गनची एक संध्याकाळ आणि आपल्या कीर्तनांच्या चाली

गेल्या उन्हाळ्यात मी मुलीकडे हॉलंडला, डीमन येथे, दीड महिना राहिले. डीमन म्हणजे ॲमस्टरडॅमला खेटून असलेले लहानसे गाव. बिरड्याचा सण होऊन आठवडा झाला होता, गाण्याबजावण्यावरची बंदी उठली होती, आणि जावयाने दोन तिकिटे आणून टेबलावर ठेवली. ॲमस्टरडॅमच्या आउडे केर्कमध्ये, म्हणजे तिथल्या 'जुन्या चर्च'मध्ये, पाइप ऑर्गनचे एकट्याचे वादन. वादक तेथल्या संगीतशाळेत शिकवणारे आणि परदेशांतही कार्यक्रम करणारे गृहस्थ. त्यांचे नाव मी येथे देत नाही. पुढे थोडी टीका करणार आहे, आणि ज्याला मराठी वाचता येत नाही त्याच्यावर मराठीत टीका करून वर नाव छापणे मला बरे वाटत नाही.

जावे की न जावे हा पहिला प्रश्न. चर्चमध्ये पाऊल टाकू नये असे आपल्यातले पुष्कळ लोक मानतात. माझी आईही मानत असे. ज्यांना माझे जाणे पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. कार्यक्रमाच्या कागदावर तेहिल्लीम ११६ आणि तेहिल्लीम १३७ असे दोन आकडे दिसले आणि मी गेले, एवढेच. हे आकडे आपलेच. कॅथलिकांच्या जुन्या बायबलात तेहिल्लीमचे क्रमांक एका-एकाने मागे सरकलेले असतात, पण कॅल्विनच्या अनुयायांनी हिब्रू क्रमांक जसेच्या तसे ठेवले. तेव्हा ११६ म्हणजे आपण पेसाहला आणि सुक्कोथला हल्लेलमध्ये म्हणतो तेच, आणि १३७ म्हणजे बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडलेल्या आपल्या पूर्वजांचे.

ऑर्गन म्हटले की आपल्या वयाच्या माणसांच्या डोळ्यांसमोर संगीत नाटकाच्या रंगमंचापुढचा पायपेटीचा ऑर्गन येतो. तो खरे तर ऑर्गन नव्हे, तो आपल्या बाजाच्या पेटीचा थोरला भाऊ. पेटीत पितळेची पातळ जीभ वाऱ्याने थरथरते आणि तिचाच सूर होतो. ही पेटी पॅरिसच्या दबेन नावाच्या माणसाने १८४२ साली नोंदवली. पाइप ऑर्गन तिच्याहून फार जुना. त्यात नळ्या असतात, बासरीसारख्या किंवा सनईसारख्या, शेकडोंनी, हजारोंनी. काही बोटाएवढ्या, काही दोन माणसे एकावर एक उभी केली तरी उंच. पट्टी दाबली की झडप उघडते आणि भात्यातला वारा त्या नळीत शिरतो. दोन्ही बाजूंच्या खुंट्या ओढून कोणत्या नळ्यांचा संच बोलायचा ते ठरवायचे. हातांसाठी पट्ट्यांच्या दोन-तीन ओळी एकावर एक, आणि खाली पायांसाठी लाकडी पट्ट्या वेगळ्या. पूर्वी मागच्या बाजूला माणसे भाता तुडवीत उभी असत. आता ते काम विजेचा पंखा करतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी, कारण त्यावरच ऑर्गनच्या वादकाची पारख होते. पट्टी जोरात दाबा की हळू दाबा, सूर तेवढ्याच जोराचा येतो. सतारीसारखी आस नाही, सारंगीसारखी मींड नाही, पेटीवर भाता कमीजास्त करून जो उसासा आणता येतो तोही नाही. वादकाच्या हाती फक्त काळ असतो: सूर किती वेळ धरायचा, केव्हा सोडायचा, आणि दोन सुरांच्या मध्ये किती रिकामी जागा ठेवायची. मी आयुष्यभर वॉर्डात माणसांचे श्वास मोजले, म्हणून असेल कदाचित, पण मला प्रथम ती रिकामी जागाच ऐकू येते. ऑर्गनला श्वास घ्यावा लागत नाही. तो वादकाने घ्यायचा असतो, नाहीतर ऐकणाऱ्याचा जीव गुदमरतो.

आउडे केर्क १३०६ साली प्रतिष्ठापिले गेले. शहरातली सर्वांत जुनी इमारत ती हीच. वर लाकडाचे प्रचंड छत, खाली जमीन सगळी थडग्यांच्या शिळांची. रेम्ब्रांटची बायको सास्किया १६४२ पासून येथे पुरलेली आहे. चर्चच्या सभोवारची वस्ती कशी आहे ते ॲमस्टरडॅमला जाऊन आलेल्यांना ठाऊक आहेच; आपण त्यात शिरायला नको. पश्चिमेकडच्या भिंतीवर मोठा ऑर्गन आहे, १७२४ ते १७२६ या काळात क्रिस्तियान फाटरने बांधलेला आणि नंतर म्युलरने दुरुस्त करून वाढवलेला. दुसरा लहान ऑर्गन बाजूच्या भिंतीवर. त्याचे कपाट १६५८ चे, आतले वाद्य मात्र १९६५ साली नव्याने केलेले, जुन्या रीतीने सूर लावलेले.

याच चर्चमध्ये यान पीटरझोन स्वेलिंक नावाचा वादक चाळीसहून अधिक वर्षे नोकरीस होता. त्याचा बाप येथेच वादक होता, आणि १६२१ साली तो वारल्यावर त्याचा मुलगा त्याच जागेवर बसला. आता यातली मौज पहा. १५७८ साली शहर कॅल्विनच्या पंथाकडे गेले. त्या पंथाच्या धर्मगुरूंना प्रार्थनेत वाद्य नको होते. तेहिल्लीम गायचे, पण कोरड्या गळ्याने; ऑर्गन म्हणजे करमणूक, ऑर्गन म्हणजे पोपची आठवण. मग हे एवढे मोठे वाद्य तोडून टाकायचे का? पण ऑर्गन चर्चचे नव्हते, नगरपालिकेचे होते. नगरपालिकेने तोड काढली. प्रार्थना चालू असता ऑर्गन गप्प राहील. प्रार्थनेच्या आधी व नंतर, आणि रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास, नगरपालिकेचा नोकर तो नागरिकांसाठी वाजवील. लोक येत, थडग्यांवरून फेऱ्या मारीत, गप्पा करीत, ऐकत. आज जगभर ऑर्गनचे जे एकट्याचे जाहीर कार्यक्रम होतात त्यांच्या मुळाशी हॉलंडातल्या शहरांची ही तडजोड आहे. देवघरात मनाई झाली म्हणून ओसरीवर वाजू लागले.

हे वाचून आपल्या माणसांना ओळखीचे वाटेल. मंदिर पडल्यापासून आपल्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये, वाद्य नाही. शब्बाथला तर नाहीच नाही. तलमूदमध्ये मंदिरातल्या 'मग्रेफा' नावाच्या वाद्याचे वर्णन आहे, दहा छिद्रे आणि प्रत्येकातून दहा प्रकारचे सूर; काही विद्वान तो ऑर्गनच समजतात. तोरामध्ये यूबालच्या वंशात ज्या दोन वाद्यांची नावे येतात त्यांतले दुसरे 'उगाव', आणि आजच्या हिब्रूत ऑर्गनला तेच नाव आहे. तरीपण जर्मनीत १८१० साली झेसेन गावच्या सुधारकांनी आणि १८१८ साली हांबुर्गच्या सुधारकांनी सिनेगॉगमध्ये ऑर्गन ठेवला तेव्हा केवढे वादळ उठले! रब्बींची पत्रेच्या पत्रे छापली गेली. ॲमस्टरडॅमच्या पोर्तुगीज यहुद्यांचे १६७५ चे सिनेगॉग मी आधीच्याच आठवड्यात पाहिले. तेथे आजही मेणबत्त्यांचा उजेड आहे आणि ऑर्गन नाही.

आपण बेने इस्राएलांनी काय केले? आपणही ओसरीच शोधली. १८८० साली बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या मित्रांनी आपल्यात कीर्तने सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांची चरित्रे, पण साकी, दिंडी, पद, सगळे मराठी साज. त्याच वर्षी पुण्याला अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगमंचावर आले, आणि पुढे नाटकातल्या चाली आपल्या कीर्तनांत सर्रास आल्या. मशिदीत हज्जान कोरड्या गळ्याने तेफिला म्हणायचा. आणि दुसऱ्या कोणा संध्याकाळी तीच मंडळी पेटी, तबला, झांजा घेऊन बसायची. कोणाला त्यात विसंगती वाटली नाही. मला वाटते, स्वेलिंकच्या शहरातल्या माणसांनाही वाटली नसावी.

आता वादनाकडे येते.

पहिला अर्धा भाग लहान ऑर्गनवर होता. वादक सुमारे साठीचे, सडपातळ. शेजारी त्यांची विद्यार्थिनी, विशीतली मुलगी, खुंट्या ओढायला आणि पाने उलटायला. सुरुवात स्वेलिंकच्या तेहिल्लीम ११६ ने. हा प्रकार असा: चर्चमध्ये सगळे लोक गात ती साधी चाल घ्यायची आणि तिच्यावर एकामागून एक आवृत्ती रचायची. चाल लांब लांब सुरांत सावकाश चालते. तिच्याभोवती दुसरे सूर धावतात, एकमेकांना उत्तरे देतात. एकदा चाल सर्वांत वर असते, एकदा मध्ये शिरते, एकदा तळाशी जाते. कीर्तनकार नाही का एकच ओळ धरून कधी विनोदाने, कधी करुणेने फिरून तिच्यावर येतो, तशातलाच प्रकार.

त्यांनी ते वाजवले मात्र फार चांगले. मघाशी म्हटले ती रिकामी जागा त्यांच्या बोटांत होती. धावणारे सूर मोत्यांसारखे सुटे पडत होते, पण तुटत नव्हते. चाल मधल्या सुरांत गेली तेव्हा ती शोधावी लागेल असे मला वाटले होते. तशी ती शोधावी लागली नाही, कारण तिच्यासाठी त्यांनी किंचित नाकातल्या आवाजाचा संच निवडला होता आणि बाकीचे सूर तिच्यासाठी वाट सोडून उभे राहिल्यासारखे होते. येथे शिक्षक दिसतो. नुसता कलावंत असता तर स्वतःची चपळाई पुढे केली असती; शिकवणारा माणूस आधी पाहतो की ऐकणाऱ्याला धागा सापडला की नाही.

आणि तरीही माझी पहिली तक्रार येथेच आहे. ती साधी चाल त्यांनी आधी एकदाही नुसती वाजवली नाही. एकदम आवृत्तींना हात घातला. स्वेलिंकच्या काळी ते चालले, कारण जिनिव्हाच्या त्या तेहिल्लीम-संग्रहाच्या चाली (तो संग्रह १५६२ साली पुरा झाला, स्वेलिंकच्या जन्माच्याच वर्षी) शहरातल्या पोराबाळांना पाठ होत्या. चाल ऐकताच शब्द आपोआप मनात उभे राहत. स्वेलिंकने स्वतः सगळ्या दीडशेच्या दीडशे तेहिल्लीमना अनेक आवाजांत बांधले, आणि ते लोक घरी बसून गात. त्या दिवशीच्या श्रोत्यांपैकी किती जणांना ती चाल ठाऊक होती? माझ्या डाव्या हाताला एक वृद्ध डच बाई बसल्या होत्या, त्यांचे ओठ हलत होते. त्यांच्यापलीकडे सहलीला आलेली तरुण मंडळी. त्यांना नुसते गोड सूर ऐकू येत असावेत. आणि मी अशी अधांतरी की मला शब्द हिब्रूत तोंडपाठ, पण आमची हल्लेलची चाल निराळी. शब्द आहेत आणि चाल नाही. आवृत्ती ऐकायची तर मूळ ठाऊक हवे. ज्याला शाकुंतलाची गोष्ट ठाऊक नाही त्याला आख्यान लावून काय कळणार? एवढ्या विचारी शिक्षकाने हे एक मिनिट वाचवायला नको होते. कागदावर आकडा छापला होता, पण शब्दांची एक ओळही छापली नव्हती, ना डचमध्ये, ना इंग्रजीत.

त्यानंतर स्वेलिंकचीच 'क्रोमॅटिक फँटसी'. येथे जुन्या रीतीने लावलेल्या सुरांची गंमत कळली. आपल्या पेटीत बारा सूर सारख्या अंतरावर ठोकून बसवलेले असतात. त्यामुळे कोणत्याही पट्टीत गाता येते, पण एकही गांधार खरा लागत नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दार बंद केले त्यात जाणकारांची एक तक्रार हीच होती. या लहान ऑर्गनवर गांधार शुद्ध मिळतात आणि त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते: लगतच्या सुरांमधली अंतरे सारखी राहत नाहीत, कोठे अरुंद, कोठे रुंद. या फँटसीचा विषयच मुळी लगतच्या सुरांवरून एकेक पायरी खाली उतरण्याचा आहे. पेटीवर वाजवला तर ती सरळ शिडी वाटेल. येथे ते उतरणे एखाद्या जुन्या घराच्या जिन्यावरून अंधारात उतरल्यासारखे होते. प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची, आणि पाऊल टेकेपर्यंत छातीत धस्स. पहिली आठ-दहा मिनिटे मी हललेसुद्धा नाही. शेवटी मात्र सूर दुपटीने धावू लागतात तेथे वादकाने घाई केली. दगडी जमीन आणि उंच छत, आवाज विरायला वेळ लागतो. सूर एकमेकांच्या अंगावर पडले आणि जिन्याचा नुसता गडगडाट झाला. ज्या माणसाने या चर्चमध्ये अनेकदा वाजवले असेल त्याला हे ठाऊक असायला हवे. ठाऊक असूनही हात सुटतो. शिक्षकाचाही सुटतो.

मध्यंतरात आम्हाला खुर्च्या फिरवून मोठ्या ऑर्गनकडे तोंड करायला सांगितले. त्यावर पहिला बाख: तेहिल्लीम १३७ च्या जर्मन चालीवर रचलेली रचना.

येथे थोडा इतिहास सांगते, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वेलिंकचे ऑर्गनसाठीचे संगीत त्याच्या हयातीत छापले गेले नाही. गायचे तेहिल्लीम छापले, वाजवायचे नाही. त्याच्या हातची प्रतही उरली नाही. जे आज आहे ते शिष्यांनी उतरून घेतले म्हणून आहे. जर्मनीतून तरुण मुले त्याच्याकडे शिकायला येत. उत्तर जर्मनीतल्या चर्चांत इतके वादक त्याच्या हाताखालून गेले की 'वादक घडवणारा' अशी त्याची ख्याती झाली. त्यांतला एक हांबुर्गचा शाइडेमान. शाइडेमानचा शिष्य राइंकेन. या राइंकेनने १३७ व्या तेहिल्लीमवर एक प्रचंड रचना केली, आणि ती बाखने पोरवयात स्वतःच्या हाताने उतरून काढली होती. ती प्रत २००६ साली जर्मनीत वायमारच्या ग्रंथालयात सापडली. पुढे १७२० साली बाख हांबुर्गला गेला आणि वृद्ध राइंकेनसमोर त्याच चालीवर अर्धा तास आपल्या मनचे वाजवले. म्हाताऱ्याने जवळ येऊन सांगितले, ही कला मेली असे मी समजत होतो, ती तुमच्यात जिवंत आहे. एका हातातून दुसऱ्या हातात, शंभर वर्षे. मध्ये एक जरी शिष्य आला नसता तर साखळी तुटली असती.

कार्यक्रमात होती ती बाखची नंतर कागदावर उतरवलेली लहान रचना, पाचएक मिनिटांची. चाल डाव्या हाताच्या मधल्या सुरात, नटवलेली. वर उजवा हात आणि खाली पाय, मंद पावलांच्या नाचाच्या ठेक्यात. होय, नाचाच्या. दुःखाचे गाणे म्हणून पुष्कळ वादक ते ओढून ओढून रडके करतात. मी यापूर्वी घरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकले होते ते तसेच होते. या वादकांनी ठेका सोडला नाही. बाबेलच्या नदीकाठी वीणा झाडाला टांगून ठेवणारी माणसे डोळ्यांसमोर आणा. वाजवायला सांगितले तरी वाजवीत नाहीत, पण बोटांना वाजवणे ठाऊक आहे, बोटे आतल्या आत ठेका धरतातच. असे काहीतरी त्या पाच मिनिटांत होते. बिरड्याच्या सणाला, जमिनीवर बसून हे तेहिल्लीम मी साठ वर्षे ऐकत आले आहे. ते मला परक्याच्या चर्चमध्ये नव्याने ऐकू आले हे कबूल करते. संपूर्ण संध्याकाळीत मला सर्वांत आवडले ते हे.

आणि सर्वांत टाळ्या पडल्या त्या शेवटच्या तुकड्याला, विडोरच्या 'टोकाटा'ला. हा पॅरिसचा वादक. त्याची ही रचना लग्नांतून जगभर वाजते. ऐकणाऱ्याला उचलून आपटते यात शंका नाही. पण ती पॅरिसच्या एकोणिसाव्या शतकातल्या ऑर्गनसाठी केलेली, ज्यात नळ्यांच्या कपाटाच्या झडपा पायाने उघडमीट करून आवाज हळूहळू फुगवता येतो. हा ऑर्गन अठराव्या शतकातला. त्याचा आवाज बोलणाऱ्या माणसासारखा, प्रत्येक शब्द स्पष्ट. त्याला ओरडायला लावले. नऊवारी नेसलेल्या आजीला बँडबाजासमोर नाचायला उभे करावे तसे मला वाटले. सगळ्या खुंट्या बाहेर, जमीन थरथरली, तरुण मंडळी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. जावईही. त्याला मी काही बोलले नाही. तिकीट त्याने काढले होते.

माझ्या तक्रारीचे मूळ मात्र विडोर नाही, ती न वाजवलेली चाल आहे. त्याचे कारण घरचे आहे.

माझे वडील मुंबईला कीर्तनात पेटी वाजवीत. आमच्याकडे कीर्तनांची छापील पुस्तके होती, त्यांतली दोन माझ्याजवळ अजून आहेत. प्रत्येक पदाच्या वर एक ओळ असते: 'चाल' आणि पुढे एखाद्या नाटकातल्या पदाचे पहिले दोन-तीन शब्द. बस्स. छापणाऱ्याला वाटले, एवढे पुरे. ही चाल कोणाला ठाऊक नाही! तेव्हा ते खरेच होते. आज ती ओळ वाचून मला काही ऐकू येत नाही. काही नाटके कोणती तेसुद्धा कळत नाही. वडिलांनी मला दोन-तीनदा पेटीवर बसवले. मला परीक्षा होत्या, मग इस्राएलला यायची घाई, मग नोकरी, रात्रपाळ्या. पेटी आम्ही निघताना शेजाऱ्यांना दिली, सामानाचे वजन फार होत होते. चूक कोणाची म्हणून शोधायला जाऊ नये, माझीच आहे. शब्द छापलेले आहेत, वाजवणारा हात गेला. हल्लेल शिकले तशा त्या चाली शिकले असते तर चर्चमध्ये मला एवढे अधांतरी वाटले नसते.

डीमनच्या मुक्कामात मी सकाळी फिरायला जाई त्या वाटेवर यहुद्यांचे मोठे कब्रस्तान आहे, १९१४ साली सुरू झालेले. ॲमस्टरडॅमच्या अश्केनाझी लोकांचे. हॉलंडातल्या सुमारे एक लाख चाळीस हजार यहुद्यांपैकी एक लाखाहून अधिक नाझींनी मारले; त्यांना येथेही जागा मिळाली नाही. त्या लोकांच्या सिनेगॉगांतल्या चाली इतर अश्केनाझींहून वेगळ्या होत्या. गाणारे गेले तशा त्या जवळजवळ गेल्याच होत्या. हान्स ब्लूमेन्डाल नावाच्या हज्जानांनी त्या गोळा करून १९९० साली स्वरलिपीसह छापल्या. हे गृहस्थ पेशाने जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक, डोळ्याच्या भिंगातल्या प्रथिनांवर संशोधन करणारे. २०१५ साली वारले. दिवसा भिंगे तपासायची आणि शब्बाथला गायचे. त्यांच्या पुस्तकात 'चाल अमुक' अशी ओळ नाही, सूरच लिहिलेले आहेत. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहात आपल्याही समाजाची काही गाणी मुद्रित करून ठेवलेली आहेत. ज्यांच्या घरी वडिलांच्या वा काकांच्या कीर्तनाची जुनी टेप पडून असेल त्यांनी ती कपाटात कुजू देऊ नये. आणि अजून ज्यांना दोन पदे येतात त्यांनी नातवंडांसमोर ती आधी साधी म्हणावी, मग काय हरकती घ्यायच्या त्या घ्याव्यात.

टाळ्या संपल्यावर जावई कॉफी शोधायला गेला आणि मी खुर्चीवरच बसून राहिले. गुडघे दुखत होते. वादक खाली येऊन लोकांशी बोलत उभे होते. मी त्यांना माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारले की ११६ ची नुसती चाल कशी आहे. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग वर लहान ऑर्गनपाशी खुंट्या आत ढकलीत असलेल्या विद्यार्थिनीला त्यांनी डचमध्ये काही ओरडून सांगितले. तिने एकच खुंटी पुन्हा बाहेर ओढली आणि एका हाताने ती चाल वाजवली. अगदी साधी होती, पोरांनी दोनदा ऐकून पाठ करावी अशी. तिसऱ्या ओळीत तिचा एक सूर चुकला. त्यांनी खालून तो गाऊन दाखवला, तिने ओळ पुन्हा घेतली. डाव्या हाताला बसलेल्या त्या वृद्ध बाई दाराशी पोचल्या होत्या, त्या थांबल्या आणि शेवटपर्यंत बरोबर गायल्या. एवढ्यात चर्चचा माणूस किल्ल्या वाजवीत आला.

ट्रॅममध्ये मी ती चाल गुणगुणत होते. डीमनला उतरेपर्यंत दुसरी ओळ विसरले.